टोचन लावणारा रणगाडा

दीडशे मीटर भागिले पस्तीस. उत्तर येतं चार मीटर साडेअठ्ठावीस सेंटिमीटर.

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सकाळी एका मॉडेलसाठी दोर वळायचा म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत टेप धरला. अंतर भरलं सव्वाचार मीटर. पीळ बसला की तार आखडते, म्हणून हातभर जास्तच घ्यायला हवी होती. मग मी गॅलरीत कुंड्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली, केसासारखी तांब्याची तार होती. तिचे सहा पदर एकत्र करून एक टोक स्वयंपाकघराच्या कडीला बांधलं, दुसरं हँडड्रिलच्या जबड्यात धरलं आणि हँडल हळूहळू फिरवायला लागलो. पहिल्या वीस-पंचवीस फेऱ्यांत काही घडतंय असं वाटत नाही. मग सुटे पदर एकमेकांना बिलगायला लागतात, एका क्षणी तार अंग आवळते, आणि हातात जी नुसती जुडी होती तिचा दोर होतो. अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड, पण उजेडात धरला की पीळ न् पीळ मोजता येईल असा.

हा दोर बेर्गेपँथर नावाच्या गाडीच्या विंचचा, म्हणजे दोर गुंडाळत ओझं ओढणाऱ्या रहाटाचा. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन पँथर रणगाडा सगळ्यांना माहीत असतो. त्याच पँथरचा सांगाडा घेऊन, वरचा बुरूज आणि तोफ काढून, पोटात चाळीस टन ओढणारी विंच बसवलेली ही गाडी. काम एकच, अडकलेले, बंद पडलेले रणगाडे ओढून मागे आणणं. खऱ्या गाडीत विंचच्या ड्रमवर दीडशे मीटर पोलादी दोर असायचा. माझं मॉडेल एकास पस्तीस मापाचं. खोक्यातल्या सूचनापत्रकाप्रमाणे ड्रमवर हातभर दोरी गुंडाळली तरी भागतं, कारण दिसतो तो फक्त वरचा थर. पण मला दोर पूर्ण हवा होता. आपल्याकडे दोर किती आहे त्यावर आपण चिखलापासून किती लांब थांबायचं हे ठरतं, ही गोष्ट मी आठव्या-नवव्या वर्षी कुंभार्ली घाटात शिकलेलो आहे.

आमचे आप्पा पाटणच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या अलीकडे, एका गॅरेजच्या ब्रेकडाऊनवर होते. ‘क्रेन’ म्हणायचे सगळे, पण तो होता लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेला जुना ट्रक. मागे लोखंडी अँगलची घोडी, हाताने फिरवायची विंच, दोन कप्प्या, साखळदंड, पहारी आणि सागाचे चार ओंडके. कराडकडून साखर आणि चिपळूणकडून चिरे वाहणाऱ्या ट्रकची त्या घाटात रांग असायची, आणि पावसाळ्याचे चार महिने आप्पा घरी कमी, घाटात जास्त. कधी गाडी नुसती बंद पडलेली असायची, तर तिला टोचन लावून खाली आणायचं. रस्त्यावर राहतात त्यांना टोचन हा शब्द सांगावा लागत नाही. बंद गाडीला दोरानं किंवा लोखंडी दांडीनं जोडून ओढत न्यायचं, ते टोचन. पण कधी गाडी दरीच्या अंगाला कलंडलेली असायची, आणि मग टोचनानं भागायचं नाही.

शाळेला सुट्टी असली की आप्पा मला बरोबर न्यायचे. ट्रकच्या टपावर बसून बघायचं, खाली उतरायचं नाही, एवढीच अट. पोचल्यावर आप्पा आधी दोराला हात लावायचे नाहीत. पडलेल्या गाडीभोवती एक चक्कर मारायचे. चाक कशात अडकलंय, माल कुठल्या बाजूला सरकलाय, माती कसली आहे, तांबडी निसरडी की मुरमाड. मग विडी. विडी संपेपर्यंत कुणाशी बोलणं नाही. आज कळतं की सगळं काम त्या विडीत होऊन जायचं, पुढचं फक्त अंगमेहनतीचं उरायचं. आणि एकदा ओढायला सुरुवात झाली की इशारा एकाच माणसाचा. बाकी कुणीही, गाडीचा मालक असला तरी, तोंड उघडायचं नाही.

माझं खोकं स्टुटगार्टला असणाऱ्या भाच्याने बॅगेतून आणलं. प्लास्टिक मॉडेल मागवणं आपल्याकडे आता महागात पडतं. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ झाली आणि २०२३ साली सत्तर. भाच्याला वाटलं होतं मामा टायगर किंवा तोफवाला पँथर मागेल. बेर्गेपँथरच्या खोक्यावरचं चित्र बघून त्याने फोन केला, “मामा, याला तोफच नाहीये. नक्की हाच ना?” नक्की हाच. जर्मन भाषेत ‘बेर्गेन’ म्हणजे संकटातून बाहेर काढणं, सुखरूप आणणं. हे मला त्यानेच सांगितलं, आणि सांगता सांगता तो थांबला. त्यालाही आजोबांचा घाट आठवला असणार.

एकास पस्तीस या विचित्र मापाची जन्मकथाही पँथरशीच जोडलेली आहे. जपानच्या टामियाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पहिला प्लास्टिकचा रणगाडा काढला तो पँथर. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून गाडीचा आकार ठरला; मागाहून मोजलं तर माप आलं पस्तिसावा हिस्सा. मग जगभर बहुतेकांनी तेच धरलं. मापाचं गणित करत बसायला मला आवडतं. पँथरचा पावणेसात मीटरहून थोडा लांब सांगाडा इथे वीस सेंटिमीटरच्या आत येतो, आपल्या वितीएवढा. पण वजन पस्तीसने भागून चालत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून भागावं लागतं. पँथरचे पंचेचाळीस टन म्हणजे पंचेचाळीस हजार किलो, भागिले बेचाळीस हजार आठशे पंच्याहत्तर. येतं एक किलोहून किंचित जास्त. माझं मॉडेल काही केल्या तेवढं भरेना, म्हणून मी तळाशी शिशाचे तुकडे चिकटवून त्याला काट्यावर एक किलो पन्नास ग्रॅमपर्यंत आणलं. आता ते उचलताना हाताला कळतं की आपण काहीतरी जड उचलतोय.

चाकांना तीन आठवडे लागले. पँथरची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. बाजूला आठ आस, प्रत्येकावर जोडचाक, आणि एका आसाची चाकं शेजारच्याच्या मागे शिरलेली. वजन पट्ट्यावर सारखं पसरतं, गाडी डुलत चालते, सगळं छान. पण आतलं एक चाक बिघडलं तर ते काढायला आधी बाहेरची चाकं उतरवायची. रशियाच्या थंडीत चाकांच्या मध्ये चिखल बसून रात्रीत गोठायचा, आणि सकाळी गाडी जागची हलायची नाही. मी एकेक चाक पेन्सिलीवर अडकवून रंगवलं. कडेचा रबर काळा नाही, धुरकट करडा. रिमवर चोवीस बोल्ट, प्रत्येकाच्या मुळाशी पातळ तपकिरी रंगाचा एक थेंब सोडायचा, तो आपोआप बोल्टभोवती फिरून बसतो. मग पट्ट्यांच्या कड्या, एका बाजूला शहाऐंशी. शहाऐंशी कड्या निपरने तोडायच्या, त्यांच्या पाठीवरची साच्याची बारीक रेघ पात्याने खरवडायची, एकीला दुसरी जोडायची. रात्री साडेनऊनंतर दीड तास. त्या दीड तासात माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही, आणि मला त्याची गरज असते.

या गुंतागुंतीच्या यंत्राची पहिली परीक्षा झाली ५ जुलै १९४३ला, रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत. जर्मनांनी दोनशे पँथर तिथे पहिल्यांदाच उतरवले. १० जुलैच्या संध्याकाळी आघाडीवर चालत्या स्थितीत उरले होते दहा. पाच दिवसांत एकशे नव्वद आडवे! पण त्यातले कायमचे गेलेले थोडेच होते. बाकीचे सुरुंगावर पट्टा तुटलेले, गोळा लागून जखमी झालेले, किंवा कुणी हात न लावता नुसते बिघडलेले. इंजिनाला आग लागायची, आणि चाकांना जोर पोचवणारे शेवटचे गिअर एवढं वजन पेलण्याइतके मजबूत नव्हते. म्हणजे दुरुस्त होण्यासारखं पुष्कळ होतं, प्रश्न होता तो तिथून आणायचं कसं याचा. फामो कंपनीची अठरा टनी अर्धपट्ट्याची, पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेली, ओढगाडी होती, पण असा एक रणगाडा हलवायला तशा दोन-तीन एकापुढे एक जोडाव्या लागायच्या. एका रणगाड्याने दुसऱ्याला ओढावं तर ओढणाऱ्याचेच गिअर जायचे. बेर्गेपँथर नुकताच तयार होऊ लागला होता. जून १९४३ मध्ये निघालेल्या पहिल्या मोजक्या गाड्यांत तर विंचही नव्हती. आणि मग जर्मन सैन्य मागे हटायला लागलं. चालू न शकणारे पँथर सुरुंग लावून स्वतःच उडवून द्यावे लागले.

आप्पांना मी ही हकिगत सांगितली. ते एक्याऐंशीचे आहेत, आई गेल्यापासून पुण्याला आमच्याकडे असतात, आणि संध्याकाळी माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत येऊन बसतात. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “आदी वडायची गाडी करायची, मग बाकीच्या.” युद्धाच्या शेवटापर्यंत पँथर बनले सहा हजारांच्या आसपास. त्यांना ओढायला बेर्गेपँथर साडेतीनशेपेक्षाही कमी. आणि त्यांनाही तेच नाजूक गिअर.

दोन वर्षांपूर्वी आप्पांना नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम दाखवायला नेलं होतं. १९९४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय आपल्या महाराष्ट्रात आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. झाडांच्या सावलीत ओळीने उभे रणगाडे, चर्चिल, व्हॅलेंटाइन, शर्मन, सेंच्युरियन, आपला विजयंता. लहान मुलं तोफेच्या नळीखाली उभी राहून फोटो काढून घेत होती. आप्पा प्रत्येक गाडीच्या पुढे जायचे आणि वाकायचे. मला आधी वाटलं त्यांच्या कमरेत उसण भरली. ते ओढायचे हूक बघत होते. पुढे दोन, मागे दोन, आणि त्यांतल्या बोटभर जाडीच्या कड्या, म्हणजे शॅकल. एका सेंच्युरियनच्या शॅकलमध्ये त्यांनी चार बोटं घातली आणि आतला भाग चाचपला. “झिजलाय,” म्हणाले. “हा वडलेला हाय कधीतरी.”

तिथे पॅटन रणगाड्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला ८ ते १० तारखेपर्यंत लढाई झाली. आपल्या सैन्याने उसाच्या शेतांत पाणी सोडून ठेवलं होतं, आणि पाकिस्तानचे पॅटन त्या चिखलात येऊन रुतले. लढाई संपली तेव्हा शेतं आपल्या ताब्यात होती, म्हणून रुतलेले पॅटनही आपले झाले. देशभरातल्या छावण्यांत आणि चौकांत ते आजही दिसतात. कुर्स्कला जर्मनांचं झालं त्याच्या नेमकं उलट. संध्याकाळी ज्याच्या ताब्यात मैदान, त्याचीच मोडकी गाडी. मी हे सगळं आप्पांना उत्साहाने सांगत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, “उसातनं भाईर काडला कुनी?” आपल्या लष्करात हे काम ईएमईचं, १९४३ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या कोअरचं. ब्रीदवाक्य ‘कर्म ही धर्म’. हे सांगितल्यावर आप्पांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर शिक्रापूरला चहा घेताना ते मधूनच म्हणाले, “उसाच्या रानात पानी सोडलं की हत्तीसुद्दा फसतो.” त्यांच्या डोक्यात तेव्हाही तो पॅटन निघत होता.

या गाडीचा सगळ्यात सुंदर भाग म्हणजे तिचा मागचा फाळ. पाठीमागे पोलादाचं रुंद पातं, ओढायचं नसेल तेव्हा उचलून ठेवलेलं. ओढताना गाडी अडकलेल्या रणगाड्याकडे पाठ करून उभी राहते, पातं खाली सोडते आणि विंच सुरू करते. दोराला ताण आला की रणगाडा इकडे यायच्या आधी ही गाडीच तिकडे खेचली जायला बघते, आणि त्याच ओढीने पातं जमिनीत शिरत जातं. ओढ जितकी जास्त तितकं खोल. शेवटी जमीन म्हणते बस, आणि मग समोरचा हलतो. मराठीत जमीन उकरणारा तो नांगर आणि होडी जागेवर धरून ठेवणाराही नांगरच. या पात्याला दुसरा शब्द मला सापडला नाही. ते एकाच वेळी दोन्ही नांगर आहे. कुंभार्लीत आप्पांच्या ट्रकला असला फाळ नव्हता. ते मागच्या चाकांमागे खड्डा काढून सागाचे ओंडके आडवे पुरायचे आणि ट्रकच्या पुढचा साखळदंड रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला एखाद्या जुन्या ऐनाच्या बुंध्याला आवळायचे. बुंध्याला पोतं गुंडाळून, मगच साखळी. झाडाची साल सोलली जाऊ नये म्हणून.

कप्पीचं कामही तसंच सोपं आणि तसंच अद्भुत. अडकलेल्या गाडीला कप्पी लावायची, दोर तिच्यातून फिरवून परत आपल्याच गाडीला आणून बांधायचा. विंचचा चाळीस टनांचा जोर, घर्षणात जाईल तेवढा सोडून, ऐंशीच्या जवळ जातो. वेग निम्मा होतो, आणि दीडशे मीटर दोर पंच्याहत्तरच मीटर पुरतो. चिखलात बसलेली गाडी तिच्या वजनापेक्षाही जास्त जोर मागते, कारण चिखल खालून चोखून धरतो, म्हणून हा दुप्पट जोर लागतोच. खोक्यातली कप्पी भरीव होती. मी तिची दोन्ही पानं कापून सुटी केली, मधल्या चाकाला अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडलं, पितळी तारेचा आस घातला. नखाएवढी कप्पी, पण तिच्यातून दोर ओढला की चाक फिरतं. त्या रात्री मी आप्पांना झोपेतून उठवून ती दाखवली. ते उशीवर उठून बसले, चष्मा लावला, आणि दोन बोटांनी दोर मागेपुढे करून चाक फिरवत राहिले.

लाकूड मात्र पटकन झालं. गाडीच्या मधल्या उघड्या भागाभोवती लाकडी फळ्यांचं कुंपण असतं, पावसात वर ताडपत्री टाकायची. पिवळट मातकट रंगाचा हात द्यायचा, तो वाळला की ऑइल पेंटमधला गडद तपकिरी बर्न्ट अंबर जवळजवळ कोरड्या ब्रशने लांबीच्या दिशेने ओढायचा. लाकडाच्या रेषा आपसूक उमटतात. दीड टनाची हाताने चालवायची छोटी क्रेन, तिच्या साखळ्या, ओंडका, पहारी, फावडी. इथे मला कुठलाही फोटो बघावा लागला नाही. कुठली पहार टोकाकडे चकचकीत असते आणि कुठली मधोमध, हे मला पाठ आहे.

एका गोष्टीपाशी मी बरेच दिवस अडलो होतो. ही गाडी कुणाची होती, हे मी विसरू शकत नाही. हिने चिखलातून काढलेला पँथर कारखान्यात दुरुस्त होऊन पुन्हा त्याच रशियन आणि युक्रेनी गावांवर तोफ रोखायला जायचा, आणि ते आक्रमण माणसांना जगातून पुसून टाकण्यासाठी होतं. आप्पांनी दरीतून काढलेला ट्रक साखर घेऊन चिपळूणला जायचा. दोन्हीकडे दोर तोच, कप्पी तीच, विडीसारखीच एखादी सिगारेट ओढत गाडीभोवती चक्कर मारणारा माणूसही असेलच. पण काम चांगलं करण्याने ते काम कुणासाठी केलं हा प्रश्न मिटत नाही. कौशल्याकडे मी आदराने बघतो, त्याच्या मालकाकडे नाही बघू शकत. गाडीवरचा जर्मन क्रूस लावू नये असं आधी वाटलं होतं, मग लावला. तो गाळला असता तर ही गाडी कुणाचीच राहिली नसती, आणि तसं करणं खोटं ठरलं असतं.

दिवाळीनंतर पाट तयार केला. पाऊण मीटर लांबीची प्लायची फळी, वर प्लास्टर, लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून केलेला चिखल, त्यात कोयनेहून आणलेली तांबडी माती चाळून टाकायचा मोह मी आवरला. रशिया-युक्रेनची ती जमीन काळी. एका टोकाला सहा वर्षांपूर्वी केलेला माझा जुना पँथर चाकांच्या आसापर्यंत रुतवला. दुसऱ्या टोकाला पाठ करून बेर्गेपँथर, फाळ जमिनीत. मधलं अंतर तीस सेंटिमीटर, म्हणजे खरे साडेदहा मीटर. दोराचे दोन्ही पदर मिळून साठ सेंटिमीटर बाहेर, उरलेला साडेतीन मीटरहून जास्त ड्रमवर. आणि तीन फिगर. एक हात वर करून इशारा देणारा, एक चालकाच्या झडपेतून डोकं काढलेला, आणि एक दोराशेजारी वाकून कप्पीकडे निरखून बघणारा. हा तिसरा मला फार चांगला साधला होता. त्याच्या कोटाच्या घड्या, गुडघ्यावर टेकवलेला हात. दोर ताठ दिसावा म्हणून मी तो आत बारीक पोलादी तारेवर धरून सुपरग्लूने सरळ केला. सगळं जागेवर बसवून, दिवा लावून, आप्पांना हाक मारली.

ते आले. खुर्चीत न बसता टेबलाभोवती चक्कर मारायला लागले. पाट भिंतीला लागून होता, तर मला तो पुढे ओढायला लावला आणि मागच्या बाजूनेही बघितला. फाळाशी वाकले. ड्रम बघितला. दोरावरून बोट न टेकवता, वरूनच, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हात नेला. मी वाट बघत होतो.

“ताण हाय न्हवं दोराला?”

“हो आप्पा. ओढायला सुरुवात झालीय.”

“मग त्या गड्याला हितनं उठीव आदी.”

मी बघत राहिलो. त्यांनी उजव्या पायाचा लेंगा नकळत थोडा वर केला होता. नडगीवरची ती लांब पांढरी खूण मी जन्मापासून बघत आलोय; लहानपणी विचारलं तर ‘दोर लागला’ एवढंच उत्तर मिळायचं. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. १९७९चा पावसाळा, चिऱ्यांचा ट्रक, गंजलेला दोर. तुटलेला वायररोप दिसत नाही, म्हणाले, नुसता आवाज येतो, आणि मग आपण खाली बसलेले असतो. त्यांच्या पायाला टोकाचा नुसता फटका लागला होता. शेजारी उभ्या असलेल्या पोऱ्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

“त्यानंतर मी ताणलेल्या दोरावर वलं पोतं टाकल्याबिगार इशारा दिला न्हाई. दोर तुटला तरी पोत्याच्या वज्यानं खालीच बसतो. उडत न्हाई.”

ते आठवलं मला. टपावरून दिसणारं ते पोतं, दोराच्या मध्यावर लोंबणारं, त्यातून निथळणारं पाणी. मला ते नेहमी वाळत घातल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पात्याने त्या तिसऱ्या फिगरच्या तळव्यांखालचा डिंक कापला. एक पाऊल तुटलं, ते पुन्हा जोडलं. त्याला गाडीच्या पलीकडे, फळ्यांच्या आडोशाला नेऊन उभा केला. तिथून त्याला कप्पी दिसते, आणि दोराची ओळ त्याच्यापासून लांब राहते. आधीच्या जागी चिखलात त्याच्या बुटांचे दोन खड्डे उरले, ते मी बुजवले नाहीत.

मग पोतं. बेर्गेपँथरच्या कुठल्याही फोटोत मी असं पोतं पाहिलेलं नाही. चहाची वापरलेली टी-बॅग उकलून वाळवली; तिचा कागद या मापात गोणपाटासारखा दिसतो. तीन सेंटिमीटर बाय दोन असा कापला, पाण्यात मिसळलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवला आणि चिमट्याने दोराच्या बरोबर मध्यावर, दोन्ही पदरांवरून पडेल असा, टाकला. कडा ओल्या वजनाने खाली लोंबल्या. त्यावर चॉकलेटी रंगाचा एक पातळ हात, आणि अगदी खालच्या टोकाला चकचकीत वार्निशचे दोन थेंब, पाणी निथळतंय असे.

आप्पा खुर्चीतून बघत होते. थेंब टाकून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातला चिमटा मागून घेतला आणि पोतं केसभर पँथरच्या बाजूला सरकवलं.